मुलांची तब्येत, मन आणि घरचं वाचन: नाशिकच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

मी नाशिकमध्ये पहिली ते चौथीच्या वर्गांना शिकवते. पालकसभेत, शाळेच्या फाटकाशी, कधी भाजी घेता घेता आई-वडील जे विचारतात ते प्रश्न वर्षानुवर्षं तेच आहेत. फाटकाशी उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून इथे सविस्तर लिहिलंय. वाचन, डबा, झोप, ताप असे प्रश्न एकत्रच ठेवलेत. कारण वर्गात मी ते वेगवेगळे कधी पाहिलेच नाहीत. वाचनात मागे पडलेल्या मुलाच्या घरी चौकशी केली की खूपदा अडचण झोपेत, पोटात किंवा डोळ्यांत सापडते.

मुलगी तिसरीत गेली तरी अडखळत वाचते. शिकवणी लावू का?

शिकवणीचं थोडं थांबा. आधी चार गोष्टी बघा: तिला नीट दिसतं का, नीट ऐकू येतं का, रात्रीची झोप पुरी होते का, आणि सकाळी शाळेत येताना पोटात काही असतं का.

काही वर्षांपूर्वी माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. तोंडी गणित विचारलं की सगळ्यांच्या आधी त्याचा हात वर. पण पुस्तक हातात दिलं की मान वाकडी, डोळे बारीक, आणि दोन ओळी झाल्या की "बाई, डोकं दुखतंय." घरच्यांनी त्याला आळशी ठरवलं होतं आणि दोन महिने मीही तेच धरून चालले होते. एकदा त्याने ‘धर’ ऐवजी ‘घर’ वाचलं. मी तेच अक्षर फळ्यावर वीतभर मोठं काढलं, तर लगेच म्हणाला, "ध." म्हणजे अक्षर त्याला येत होतं, पुस्तकात ते स्पष्ट दिसत नव्हतं. चष्मा लागला आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर तो धडा सलग वाचायला लागला. ते दोन महिने मला अजून बोचतात.

तेव्हा डोळे आधी तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा सरकारी आणि अनुदानित शाळांत मुलं तपासायला येतं. त्या दिवशी मूल गैरहजर राहू देऊ नका, आणि पथकाने चिठ्ठी दिली तर ती दप्तरात पडून राहू देऊ नका. सारखी सर्दी असलेल्या किंवा कान फुटलेल्या मुलाला ऐकायलाही कमी येऊ शकतं. मागून हळू हाक मारून बघा.

तपासणीत काही निघालं नाही, तर ती नेमकी कुठे अडते ते दोन-तीन दिवस शेजारी बसून पाहा. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ या जोड्यांत गोंधळ होतो का? ‘घ’च्या डोक्यावरची रेघ सलग असते, ‘ध’ची तुटलेली असते. एवढासा फरक आहे, पण तो कुणी बोटाने दाखवावा लागतो. ‘ख’ला ‘रव’ वाचणारी मुलंही असतात. काहींची गाडी जोडाक्षरावर थांबते. त्यातही ‘र’ सगळ्यात अवघड, कारण तो ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘ट्रक’ आणि ‘दऱ्या’ या चार शब्दांत चार रूपांनी येतो. जिथे अडतं तेवढंच घ्या. रोज अशा पाच शब्दांच्या चिठ्ठ्या करून फ्रीजवर किंवा कपाटाच्या दारावर लावा. सगळी बाराखडी पुन्हा पहिल्यापासून घोटायला लावलीत तर येणाऱ्या गोष्टींचाही तिला कंटाळा येईल.

रोज किती वेळ वाचून घ्यावं?

पंधरा-वीस मिनिटं पुरतात, पण ती रोज हवीत. रविवारी दोन तास बसवून आठवड्याची भरपाई होत नाही.

मी पालकांना हा क्रम सांगते: आधी एक पान तुम्ही मोठ्याने वाचा, मग तेच पान दोघांनी मिळून, मग मुलाने एकट्याने. पहिली-दुसरीच्या मुलाला शब्दाखाली बोट फिरवू द्या, त्यात काही वाईट नाही. शब्द अडला तर मनात पाचपर्यंत मोजा. तोवर आला नाही तर तुम्ही सांगा आणि पुढे चला. "कालच तर सांगितलं होतं!" हे वाक्य तेवढं टाळा. ते ऐकलेलं मूल दुसऱ्या दिवशी पुस्तक काढायच्या आधी तुमचा चेहरा बघतं.

वाचून झालं की परीक्षेसारखे प्रश्न विचारू नका. "पुढे काय होईल असं वाटतं?", "तू असतास तर काय केलं असतंस?" असं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका.

आम्हालाच नीट वाचता येत नाही. शिवाय कंपनीत पाळी असते, घरी यायला रात्र होते.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत तिन्ही पाळ्यांत राबणारे कितीतरी पालक हे मला खालच्या आवाजात सांगतात. यात लाज वाटावी असं काही नाही. मुलाला शेजारी बसून ऐकणारं माणूस हवं असतं. तुम्ही भाकरी थापताय, मुलगी ओट्याजवळ बसून वाचतेय, तुम्ही मध्येच "मग? पुढे?" म्हणताय, हेसुद्धा वाचन घेणंच आहे. दुसऱ्या पाळीला असाल तर सकाळी शाळेत जायच्या आधी दहा मिनिटं ठेवा. आजी-आजोबा असतील तर संध्याकाळ त्यांच्याकडे सोपवा.

आणि गोष्टी सांगा. तुमच्या गावाच्या, पहिल्या नोकरीच्या, गोदावरीला पूर आला तेव्हा गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर पाणी चढलं होतं त्याच्या. मुलाने जे शब्द कानाने भरपूर ऐकलेले असतात, ते कागदावर दिसले की पटकन ओळखू येतात. न ऐकलेला शब्द अक्षरं जोडून वाचला तरी तो त्याला परकाच राहतो.

पाट्या वाचणंही होऊ शकतं. सिटीलिंकच्या थांब्यावर उभं असताना येणाऱ्या बसची पाटी मुलाने वाचायची: निमाणी, नाशिकरोड, सातपूर. दुकानांची नावं, किराणा सामानाची यादी, लग्नपत्रिका, सगळं चालतं. माझ्या एका विद्यार्थिनीचं वाचन सुधारलं ते आजीच्या औषधांवर आईने चिकटवलेल्या ‘सकाळी’, ‘जेवणानंतर’, ‘झोपताना’ अशा चिठ्ठ्या रोज वाचून दाखवताना. आजीला ऐनकेशिवाय दिसत नव्हतं, त्यामुळे ते काम खरंच तिचं होतं.

घरी आम्ही अहिराणी बोलतो. त्याने मराठी बिघडतं का?

नाही. अहिराणी असो, कोकणा असो, हिंदी असो, ज्या भाषेत तुम्ही मोकळेपणाने रागावता, लाड करता, गोष्ट सांगता ती बोला. मुलं दोन-तीन भाषा सहज सांभाळतात. गोष्ट मराठीत वाचा आणि तिच्यावरच्या गप्पा अहिराणीत मारा. ‘पोरगा’ला घरी ‘आंडोर’ म्हणतात हे मुलाने वर्गात सांगितलं तर मी ते फळ्यावर लिहिते.

मुलगा इंग्रजी माध्यमात आहे. त्याला मराठी वाचायला लावून काय उपयोग?

एक तर राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी शिकवणं २०२० च्या कायद्याने बंधनकारक आहे. पण कायदा बाजूला ठेवा. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला मराठी गोष्टीतला अर्थ आपोआप कळतो, त्यामुळे वाचताना त्याचं सगळं लक्ष अक्षरांकडे राहू शकतं. मजकुरातून अर्थ काढायची सवय त्याला इथे लागते आणि तीच इंग्रजी वाचताना कामी येते. दोन्ही भाषांत रोजची दहा-दहा मिनिटं ठेवा.

पुस्तकं कुठून आणायची? विकत घेणं परवडत नाही.

आपण ज्या गावात राहतो तिथलं सार्वजनिक वाचनालय, आपलं ‘सावाना’, १८४० सालापासून चालू आहे. मुलाला एकदा घेऊन जा. कपाटापुढे उभं राहून स्वतःच्या हाताने पुस्तक निवडायचा आनंद वेगळा असतो. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना याच शहरात सुरू झाली. तिच्यात पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे येते. तुमच्या सोसायटीत दहा-बारा घरं तयार असतील तर चौकशी करायला हरकत नाही. शाळेतही मुलांची पुस्तकं असतात. ती कपाटात बंद असतील तर पालकांनी मागणी करावी, आम्हा शिक्षकांना त्याने बळच येतं.

बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं, त्याची किंमत खिशाला झेपते आणि जुने अंक रद्दीच्या दुकानातही मिळतात. फोनवरच वाचायचं असेल तर प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रकथा फुकट आहेत आणि त्या पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत.

मुलाने तेच पुस्तक दहाव्यांदा मागितलं तर देत जा. पाठ झालेली गोष्ट वाचताना त्याचा वेग वाढतो आणि त्याला स्वतःचा भरवसा वाटायला लागतो.

डब्यात काय द्यावं? रोज पोळी-भाजी परत येते.

डबा का परत येतो ते आधी बघा. खूपदा पोळी वाळून कडक झालेली असते, किंवा भाजीचा रस्सा सांडून सगळं ओलं झालेलं असतं. मधल्या सुट्टीत मुलाला दहा मिनिटांत खाऊन खेळायला पळायचं असतं. तेव्हा हातात धरून खाता येईल असं द्या: पोळीचा रोल, थालीपीठ, धिरडं, मेथीचा पराठा, उकडलेलं अंडं, मोड आलेल्या मटकीची कोरडी उसळ. आपल्याकडे रविवारची मिसळ घरोघरी होते. त्यातली थोडी मटकी तर्री घालायच्या आधी बाजूला काढून ठेवली की सोमवारचा डबा झाला.

नाचणीचं आवर्जून सांगते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या डोंगरात ती पिकते आणि नाशिकच्या बाजारात सहज मिळते. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गहू-तांदळापेक्षा कितीतरी जास्त. गोड आंबील, डोसा, लाडू, भाकरी, कशातही घाला. डब्यांवर मोठमोठे दावे लिहिलेल्या महागड्या पावडरींपेक्षा मला हिचा भरवसा वाटतो.

लोहासाठी पालेभाज्या, कडधान्यं, बाजरी, आणि खात असाल तर मांस-मासे. वनस्पतीतलं लोह अंगी लागायला सोबत आंबट फळ हवं, म्हणून उसळीवर लिंबू पिळा, पेरूची किंवा आवळ्याची फोड द्या. चहाने उलट होतं, तो जेवणातलं लोह शोषू देत नाही. जेवणाबरोबर मुलांना चहा नकोच. सकाळी चहा-बिस्कीट खाऊन आलेली मुलं मला दुसऱ्या तासाला ओळखू येतात, ती बाकावर डोकं टेकवतात. पोहे, उपमा, कालची पोळी कुस्करून दूध, काहीही चालेल, पण पोटभर खाऊ घालून पाठवा.

शाळेत खिचडी मिळते. मग डबा लागतो का?

प्राथमिकच्या मुलाला शालेय पोषण आहारातून दिवसाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. हे एका वेळचं जेवण झालं. सकाळची न्याहारी आणि संध्याकाळचं खाणं घरूनच हवं. एक मूठ शेंगदाणे-फुटाणे दप्तरात असले तर बरं. आहाराच्या चवीबद्दल तक्रार असेल तर एक दिवस येऊन मुलांबरोबर जेवा. पालकांनी चव घेऊन बघावी, ही अपेक्षाच आहे.

जंताची आणि लोहाची गोळी द्यावी का? घरातली मोठी माणसं नको म्हणतात.

द्यावी. जंतनाशक गोळी १ ते १९ वर्षांच्या मुलांना राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळेत आणि अंगणवाडीत देतात, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. अल्बेंडाझोलची ही गोळी चावून खायची असते. पोटात जंत जास्त असले तर गोळीनंतर थोडी मळमळ किंवा पोटदुखी होते आणि लवकर थांबते. त्या दिवशी मूल आजारी असेल तर आम्हाला सांगा, बरं झाल्यावर देता येते.

५ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी लोहाची गुलाबी गोळी असते, आठवड्यातून एक. ती रिकाम्या पोटी देत नाहीत. शी काळसर होते, त्याला घाबरू नका. आजीला हे आधीच सांगून ठेवा, कारण फोन बहुतेक तिचाच येतो.

जाता जाता लसींचं: पाच-सहा वर्षांच्या वयाला त्रिगुणीचा दुसरा बूस्टर असतो आणि दहाव्या वर्षी टीडीचं, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाचं, इंजेक्शन. दोन्ही सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. शाळा सुरू झाली की ही कार्डं मागे पडतात, एकदा काढून बघा.

किती झोप हवी? आमच्याकडे सगळेच अकराला झोपतात.

६ ते १२ वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप हवी. सकाळी सातला उठायचं असेल तर रात्री साडेनऊला अंथरुणात. २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, तो मुलांच्या झोपेसाठीच. पण त्या वाढलेल्या तासात घरोघरी रात्रच लांबली असेल तर उपयोग काय झाला?

लहान घरात टीव्ही चालू असताना मुलाने झोपायचं तरी कसं, हे मला कळतं. सिडकोतल्या एका आईने काढलेला मार्ग सांगते. साडेआठला जेवण. नऊला मोठा दिवा बंद आणि टेबलावरचा छोटा दिवा चालू. त्या दिव्याखाली गोष्टीचं पुस्तक. टीव्ही साडेनऊपर्यंत सगळ्यांसाठी बंद, मग मोठ्यांनी आवाज कमी करून लावायचा. पहिला आठवडा नवऱ्याची आणि सासऱ्यांची कुरकुर झाली. दुसऱ्या आठवड्यात आजोबाच विचारायला लागले, "आज कुठली गोष्ट?" झोप आणि वाचन दोन्ही त्या एका अर्ध्या तासात बसलं. मुलगी पंधरा दिवसांत वर्गात वेगळी दिसायला लागली.

मोबाईल सुटत नाही. काय करावं?

५ ते १० वर्षांच्या मुलांचा पडद्यापुढचा वेळ दिवसाला दोन तासांच्या आत ठेवावा, असं भारतीय बालरोग तज्ज्ञांची संघटना सांगते. त्यात टीव्हीही आला. माझ्या मते निदान तीन ठिकाणी मोबाईल अजिबात नको: जेवताना, अंथरुणात आणि सकाळी उठल्याबरोबर. मोबाईल बघत जेवणाऱ्या मुलाला पोट भरलेलं कळत नाही, चवही कळत नाही.

हा नियम मोठ्यांनाही लागू करावा लागेल. सगळे फोन रात्री नऊला स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. हिसकावून घेऊ नका, रडारड होते आणि मुलाचं मन दुसऱ्या दिवशी फक्त फोनवर टपून राहतं. "हा व्हिडिओ संपला की बंद" असं आधी सांगा आणि संपल्यावर खरंच बंद करा. एक दिवस सूट दिली की पुढचे चार दिवस जड जातात.

खेळायला पाठवावं का? अभ्यास बुडतो.

पाठवाच. रोज सरासरी एक तास घाम येईल असा खेळ मुलांना हवा. शिवाय दिवसाउजेडी बाहेर खेळणाऱ्या मुलांमध्ये जवळचं दिसतं पण लांबचं दिसत नाही म्हणून चष्मा लागण्याचं प्रमाण कमी असतं. हाडांना लागणारं ड जीवनसत्त्वही मुख्यतः उन्हातून मिळतं. कॉलनीतली बाग, गोदापार्क, अनंत कान्हेरे मैदान, जिथे सुरक्षित वाटेल तिथे. रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढा, वर थांबून माहितीचा फलक मुलाकडून वाचून घ्या. संक्रांतीच्या दिवसांत मात्र नायलॉन मांजा घरात येऊ देऊ नका. त्यावर बंदी आहे आणि त्याने गळे चिरतात.

दप्तर फार जड आहे आणि गृहपाठही खूप येतो.

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, असं २०२० चं राष्ट्रीय धोरण म्हणतं. वीस किलोच्या मुलाला दोन किलो. त्याच धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठच नसावा आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास असावा. घरच्या काट्यावर दप्तर तोलून बघा. खूपदा आत जुन्या वह्या, दगड, बाटलीची झाकणं सापडतात. तरीही जड असेल तर शाळेशी बोला.

ताप आला तर शाळेत पाठवू का?

नको. ताप उतरून, औषधाशिवाय पूर्ण एक दिवस गेल्यावर पाठवा.

पावसाळ्यात आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत आपल्याकडे डेंग्यूची भीती असते. तो पसरवणारा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. कूलर, कुंडीखालच्या ताटल्या, गच्चीवरचे टायर, न झाकलेला ड्रम आठवड्यातून एकदा रिकामे करून कोरडे करा. शाळेत पूर्ण बाह्यांचे कपडे घालून पाठवा. तापात डॉक्टरांनी सांगितलेलं पॅरासिटामॉल, मुलाच्या वजनाच्या हिशेबाने. ॲस्पिरिन किंवा दुकानदाराने हातावर ठेवलेली दुसरी अंगदुखीची गोळी देऊ नका. ताप उतरल्यावरही पोट जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, हातपाय गार पडले किंवा मूल मलूल होऊन झोपून राहिलं, तर वाट बघू नका. दवाखान्यात न्या किंवा १०८ ला फोन करा.

जुलाब झाले तर ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण घाला. अर्धी पुडी अर्ध्या ग्लासात ढवळून देणारे पालक मी पाहिले आहेत. तसं करू नका, त्याने मुलाला अपाय होतो.

द्राक्षं मुलांना द्यावीत का? फवारणीची भीती वाटते.

द्यावीत, पण नळाच्या वाहत्या पाण्याखाली मणी सुटे करून चोळून धुवा. लहान भावंडाला अर्धे कापून द्या, अख्खा मणी घशात अडकू शकतो. निफाड-दिंडोरीकडे बागेतच घर असेल तर फवारणीच्या वेळी मुलांना घरात ठेवा आणि औषधांचे रिकामे डबे पाण्यासाठी किंवा खेळायला कधीही वापरू देऊ नका.

दुधाचे दात पडणारच आहेत, किडले तर काय झालं?

सहाव्या वर्षाच्या आसपास मागे येणारी दाढ कायमची असते. कुठलाही दात पडल्याशिवाय ती येते, म्हणून ती दुधाचीच वाटते आणि किडू दिली जाते. रात्री झोपताना घासलेले दात सगळ्यात महत्त्वाचे. आणि दाढ ठणकत असलेल्या मुलाकडून मी कितीही सांगितलं तरी वाचन होत नाही.

मुलगी रोज सकाळी पोट दुखतं म्हणते आणि शाळेत यायला रडते.

तिचं पोट खरंच दुखत असतं. भीतीने मोठ्यांच्याही पोटात गोळा येतो. डॉक्टरांना दाखवा, आणि सोबत नीट बघा: रविवारी दुखतं का? सुट्टीत दुखतं का? शाळेच्या दिवशीच दुखत असेल तर शाळेत किंवा शाळेच्या वाटेवर काहीतरी खुपतंय. बाकावरची मैत्रीण बोलत नसेल, रिक्षात कुणी चिमटे काढत असेल, शाळेच्या शौचालयाला कडी नसेल. एकदा एक मुलगी फक्त एवढ्यासाठी रडत होती की तिला ‘ष’ लिहिता येत नव्हता आणि तिला वाटत होतं की मी रागावेन. मला ते तिच्या आजीकडून तीन आठवड्यांनी कळलं.

"कोण त्रास देतं, सांग!" असं समोर बसवून विचारलं की मुलं गप्प होतात. वेणी घालताना, शेजारी चालताना, अंधारात अंथरुणात पडल्यावर ती बोलतात. तेव्हा उपदेश करू नका. "बरं, मग?" एवढंच म्हणा. आणि मला किंवा तिच्या वर्गशिक्षकांना येऊन सांगा, तिच्यासमोर नाही, वेगळं. घरात आजारपण, भांडणं, कुणाचा मृत्यू झाला असेल तर तेही सांगा. आम्ही ते कुणाला सांगत नाही, पण वर्गात त्या मुलाशी वागताना सांभाळून घेतो.

कुणी मुलाच्या अंगाला नको तसा हात लावला असं कळलं, तर मुलावर विश्वास ठेवा आणि १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन करा. मनाच्या त्रासासाठी टेली मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तुम्ही स्वतः थकून गेला असाल तर तुमच्यासाठीही.

माझ्या मुलाला ‘डिस्लेक्सिया’ आहे का?

पहिली-दुसरीत अक्षरं उलटी काढणं, शब्द गाळणं हे बऱ्याच मुलांचं होतं. मला काळजी वाटते ती तिसरीत, आठ वर्षांच्या पुढे. डोळे-कान ठीक आहेत, मूल हुशारीने बोलतं, रोज सराव होतो, आणि तरी कालचा शब्द आज नवा असतो, फळ्यावरचं उतरवताना ओळी हरवतात, घरात आणखी कुणाला तसं होतं. असं असेल तर शाळेला सांगून तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अडचण, हा अध्ययन अक्षमतेचा एक प्रकार. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्य झालेली आहे आणि प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत सवलती मिळतात. प्रमाणपत्राने मुलावर शिक्का बसेल म्हणून वडील मागे हटतात. पण वर्गात ‘ढ’ हा शिक्का त्याआधीच बसलेला असतो आणि तो मुलाला रोज ऐकू येतो. या मुलांना गोष्टी वाचून दाखवणं तर मुळीच थांबवू नका, त्यांना त्या इतरांइतक्याच आवडतात.

मे महिन्याच्या सुट्टीत मुलं सगळं विसरतात.

थोडं विसरतात. मामाच्या गावाला जाताना पिशवीत दोन पुस्तकं आणि एक वही टाका. वहीत रोज एक ओळ: आज काय खाल्लं, विहिरीत कोण पोहलं, कैऱ्या कुणी पाडल्या. शुद्धलेखन तपासू नका. जूनमध्ये ती वही मला आणून दाखवा.

एखाद्या दिवशी वाचन झालंच नाही तर?

दुसऱ्या दिवशी वाचा. चुकलेली पानं भरून काढायला दुप्पट नको, रोजच्याइतकंच.